पंडिता रमाबाई : देवशब्दाच्या आधाराने जगलेले जीवन

प्रार्थनेविषयी बोलणे निघाले की भाविक मंडळींकडून एक खंत हमखास ऐकू येते. आध्यात्मिक शिबिरात असताना मन भरून आले होते, डोळे पाणावले होते, परमेश्वर अगदी शेजारी आहे असे वाटत होते. परंतु घरी परतल्यावर चार आठवड्यांतच सारे ओसरले. आता जपमाळ हाती घेतली तरी मन कोरडे आणि पवित्र मिस्साला उभे राहिले तरी मन कोरडे. मग देव आपल्यापासून दूर गेला की आपली श्रद्धाच खोटी होती, असा प्रश्न पडतो. काही जण पुन्हा तोच अनुभव मिळावा म्हणून नव्या शिबिराच्या शोधात निघतात, तर काही जण हळूहळू प्रार्थनाच सोडून देतात.

हा प्रश्न आम्हांला गंभीर वाटतो, कारण त्यात माणसाची श्रद्धाच पणाला लागलेली असते. त्याचे उत्तर केवळ तात्त्विक विवेचनाने देण्यापेक्षा एका जीवनकथेच्या आधारे द्यावे, असे आम्ही ठरविले. ही कथा दूरची नाही. बारामतीहून सुप्यावरून चौफुल्याकडे निघालो, किंवा इंदापूरहून भिगवण, कुरकुंभ, पाटस अशा मार्गाने पुण्याकडे निघालो, की वाटेत केडगाव लागते. दौंड तालुक्यातील या गावी पंडिता रमाबाई यांनी आपल्या आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे वेचली. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना समाजसुधारक म्हणून ओळखतो. पवित्र शास्त्राच्या साधक म्हणून त्यांची ओळख मात्र फार थोड्यांना आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन चर्चमध्ये झाला आणि पुढे कोणत्याही एका धर्ममंडळाच्या चौकटीत त्या पूर्णपणे सामावल्या नाहीत. तरीही देवशब्दाची त्यांनी केलेली सेवा सर्व ख्रिस्ती जनांना शिकविणारी आहे.

पुराणिकाची कन्या

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण कुळातील गाढे संस्कृत पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, असा त्या काळचा दंडक होता. तो मोडून अनंतशास्त्रींनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकविले आणि त्यामुळे समाजाचा रोषही ओढवून घेतला. लक्ष्मीबाईंनी ती विद्या आपल्या कन्येला दिली. पहाटे उठून माता पाठ सांगत असे आणि कन्या तो ऐकून मुखोद्गत करीत असे. बाराव्या वर्षीच भागवतातील हजारो श्लोक रमाबाईंना पाठ होते.

पुढे घरची संपत्ती संपली आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते देतील ते स्वीकारावे आणि पुढच्या गावी जावे, असा त्यांचा क्रम होता. बारामतीकरांना पुराणिकाचा हा व्यवसाय परका नाही. आर्याकार मोरोपंत (१७२९ ते १७९४) हे बारामतीलाच बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहून पुराण सांगत असत. ग्रंथ उघडावा, शब्द मोठ्याने वाचावा, अर्थ उलगडावा आणि ऐकणाऱ्याने तो मनात साठवावा, ही परंपरा या मातीत खोलवर रुजलेली आहे. रमाबाई याच परंपरेत वाढल्या. पुढे ग्रंथ बदलला, परंतु शब्द कानांनी ऐकून अंतःकरणात ठेवण्याची बाळपणीची सवय त्यांना जन्मभर पुरली.

१८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात पडलेल्या दुष्काळाने या कुटुंबाची वाताहत केली. उपासतापास, व्रते, दानधर्म, अनुष्ठाने सारे करून झाले. कोणतातरी दैवी संकेत मिळेल, काहीतरी प्रचिती येईल, या आशेने त्यांनी दिवस काढले. प्रचिती आली नाही. आधी वडील, मग आई आणि पाठोपाठ थोरली बहीण, असे एकेक जण गेले. उरले रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास. ही दोन भावंडे हजारो मैल पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी या विशीतील तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन गौरविले.

विद्येचा गौरव झाला, तरी अंतरीची पोकळी भरून निघाली नाही. अनुभवाची वाट पाहत बसलेल्या कुटुंबाचे काय झाले, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

लूककृत शुभवर्तमान

१८८० मध्ये श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, त्यामुळे या विवाहाने मोठी खळबळ उडाली. १८८१ मध्ये कन्या मनोरमा हिचा जन्म झाला. संसार आसाममधील सिल्चर येथे होता. तेथे पतीच्या पुस्तकसंग्रहात रमाबाईंना बंगाली भाषेतील एक लहानसे पुस्तक सापडले. ते संत लूकलिखित शुभवर्तमान होते. कोणी त्यांना ते दिले नव्हते, कोणी आग्रहही केला नव्हता. त्यांनी ते वाचले आणि त्यांचे मन त्यात गुंतले. तेथील एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टिकथा समजावून सांगितली. अशा रीतीने ख्रिस्ताशी त्यांची पहिली भेट छापील पानावर झाली.

फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या साथीत पतीचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या रमाबाई तान्ह्या कन्येला घेऊन पुण्याला आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. याच काळात ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले विद्वान धर्मगुरू नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीलकंठशास्त्री, यांच्याशी त्यांचा परिचय झाला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन व्रतस्थ भगिनींच्या मठात त्यांना आश्रय मिळाला. वाट चुकलेल्या स्त्रियांना या भगिनी मायेने सांभाळतात, हे फुलहॅम येथील त्यांच्या आश्रमात रमाबाईंनी पाहिले. अशा स्त्रियांविषयी एवढी करुणा कोठून येते, असा प्रश्न त्यांना पडला. त्याचे उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. प्रभू येशू आणि शोमरोनी स्त्री यांची ती कथा. विहिरीच्या काठी बसलेला तहानलेला प्रभू एका परक्या, बहिष्कृत स्त्रीकडे पाणी मागतो आणि तिच्याशी परमेश्वराच्या उपासनेविषयी बोलतो, हे ऐकून रमाबाईंना फार आश्चर्य वाटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्येसह स्नानसंस्कार स्वीकारला.

धर्म मिळाला, शांती मिळाली नाही

अनेक धर्मांतरकथा स्नानसंस्काराजवळ संपतात. रमाबाईंच्या बाबतीत खरी परीक्षा तेथूनच सुरू झाली. त्रैक्याचे रहस्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार अशा विषयांवर वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा दीर्घ वाद झाला. चेल्टनहॅम येथील कन्याविद्यालयात त्या शिकत होत्या आणि शिकवीतही होत्या. तेथील प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशीही या विषयांवर त्यांचा पत्रव्यवहार चालला होता. त्याच सुमारास त्यांना कमी ऐकू येऊ लागले आणि वैद्यकीय शिक्षण घेण्याचा मूळ बेत त्यांना सोडून द्यावा लागला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि व्याख्याने देऊन निधी उभा केला. स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलविले. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई, म्हणजेच बाया कर्वे, या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत.

कार्य वाढत होते, कीर्ती पसरत होती, परंतु मनाला शांती नव्हती. सुमारे आठ वर्षे त्यांची हीच स्थिती होती. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी ही गोष्ट अत्यंत प्रांजळपणे नमूद केली आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाची ती कबुली आहे. १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या पुन्हा नव्याने पवित्र शास्त्राकडे वळल्या.

येथे थोडे थांबून विचार करावा लागेल, कारण आमच्या विषयाचे मर्म येथेच आहे. रमाबाईंना शांती मिळाली ती कशाच्या आधारावर? आपल्या अंतःकरणात चाचपून त्यांनी उत्तर शोधले नाही. त्यांनी बायबल उघडले आणि देवाने मानवाला दिलेली वचने तेथे वाचली. देवाची प्रीती आपल्या पुण्याईवर किंवा योग्यतेवर अवलंबून नाही, आपण पात्र होण्याची तो वाट पाहत नाही, असे शास्त्र सांगते. देवाने जे सांगितले ते खरे आहे, म्हणून ते माझ्यासाठीही खरे आहे, असा त्यांचा सरळ विचार होता. आनंद झाला तो त्यानंतर. मन आधी शांत झाले आणि मग विश्वास बसला, असे घडले नाही. आधी शब्दावर विश्वास ठेवला आणि त्या विश्वासाच्या पोटी शांती आली. हा क्रम आपण बहुधा उलटा करतो आणि तेथेच फसतो.

केडगावची मुक्ती

पुण्यातील सदनात रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत व बायबल वाचीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये मोठा गदारोळ झाला. वृत्तपत्रांतून टीका झाली आणि अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. रमाबाईंनी दार बंद केले नाही. आम्ही या वादाच्या तपशिलात शिरत नाही. दोन्ही बाजूंना आपापली भूमिका प्रामाणिक वाटत होती, एवढेच म्हणतो.

१८९६ च्या दुष्काळात त्यांना आपल्या घरची जुनी आठवण अस्वस्थ करू लागली. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरणाच्या दारी पोहोचलेल्या शेकडो मुली व विधवा घेऊन परतल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग सुरू होता आणि एवढ्या माणसांना शहरात ठेवण्यास परवानगी मिळाली नाही. केडगावला त्यांनी आधीच सुमारे शंभर एकर जमीन घेतलेली होती. त्या माळरानावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या आणि पुढे १८९८ मध्ये मुक्ती सदन आकाराला आले. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी मुली आल्या आणि सदनातील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

भीमथडीचा हा मुलूख पावसाच्या बाबतीत किती बेभरवशाचा आहे, हे आपल्या वाडवडिलांना चांगले ठाऊक होते. रमाबाईंनी केडगावला आल्यावर विहिरी खोदून घेतल्या. त्या विहिरींच्या पाण्यावर दुष्काळातही सदन टिकले. शेती, दूधदुभते, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी अनेक कामे तेथे स्त्रियाच करीत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी हाती घेतले. शहरातून दूर, उन्हातान्हात, दोन हजार माणसांच्या भाकरीची चिंता वाहत रमाबाईंचा दिवस पहाटे देवशब्दाने सुरू होत असे.

१९०५ चा जून महिना

१९०४ मध्ये वेल्समध्ये घडलेल्या आध्यात्मिक जागृतीची वार्ता केडगावपर्यंत आली. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र प्रार्थना करण्याचे आवाहन केले. सुरुवातीला सुमारे सत्तर मुली पुढे आल्या. काही महिन्यांत ही संख्या साडेपाचशेच्या आसपास गेली. जूनच्या अखेरीस एका सकाळी रमाबाई आपल्या नेहमीच्या शांत पद्धतीने योहानकृत शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. तेवढ्यात मुली रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि आपल्या पापांची कबुली देऊ लागल्या. आपल्या अंगात अग्नी पेटला आहे, असे काही मुलींना वाटले. पुढच्या काळात काहींना अनोळखी भाषांत बोलण्याचाही अनुभव आला. या घटनांची वार्ता जगभर पोहोचली आणि पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव नोंदले गेले.

या जागृतीविषयी दोन टोकाची मते आढळतात. काहींच्या मते ही केवळ सामूहिक भावनावशता होती, तर काहींच्या मते असा अनुभव नसेल तर श्रद्धाच अपुरी. रमाबाईंनी या दोन्ही टोकांना जाण्याचे टाळले. जे घडले ते त्यांनी दडपले नाही, पवित्र आत्म्याच्या कार्याला आपण विरोध करू नये, ही त्यांची भूमिका होती. परंतु असा अनुभव आला नाही म्हणून कोणाला कमी लेखावे, हे त्यांना मान्य नव्हते. अनोळखी भाषा बोलण्याचे वरदान आपल्याला मिळाले, असा दावा त्यांनी स्वतः कधी केला नाही. अनुभवाची पारख आचरणाने करावी, असा त्यांचा आग्रह होता. मुलगी भांडण मिटवते का, खोटे बोलणे सोडते का, आजारी सोबतिणीची सेवा करते का, हे त्या पाहत.

आमच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, ही जागृती आली तीच मुळी शास्त्रवाचन चालू असताना. दुसरी, जागृतीचा भर असताना रमाबाईंनी स्वतःसाठी जे काम निवडले, ते त्या भावनांच्या महापुरापासून अगदी वेगळे होते. त्या मेजापाशी बसल्या आणि शब्दकोश उघडला.

सतरा वर्षांचे लेखन

त्या काळी प्रचारात असलेले मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, अशिक्षित खेडुत स्त्रीला ते कळत नाही, असे रमाबाईंच्या ध्यानी आले होते. दुष्काळातून वाचविलेल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या मुली त्यांच्यासमोर होत्या. या मुलींना देवशब्द दुसऱ्याच्या तोंडून नव्हे, स्वतः वाचता यावा, अशी त्यांची तळमळ होती. म्हणून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचा संकल्प त्यांनी केला. तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीसच्या आसपास होते. संस्कृत, मराठी, कन्नड, हिंदी, बंगाली, इंग्रजी या भाषा त्यांना येत होत्याच. आता या दोन प्राचीन भाषांचा अभ्यास त्यांनी कसून केला.

ज्या स्त्रीने बाराव्या वर्षी हजारो संस्कृत श्लोक पाठ केले, तिने पन्नाशीत संस्कृत शब्द गाळून घरगुती मराठी शब्द शोधावेत, यातील त्याग सहज लक्षात येत नाही. संस्कृत पांडित्यामुळेच त्यांना देशभर मान मिळाला होता. वाचणाऱ्या मुलीला समजावे म्हणून तेच पांडित्य त्यांनी बाजूला ठेवले. दुसरे एक कारणही होते. संस्कृत धार्मिक शब्द आपल्याबरोबर जुन्या तत्त्वज्ञानाच्या छटा घेऊन येतात आणि त्यामुळे मूळ अर्थ झाकोळतो, असे त्यांना वाटे.

हे काम कसे चालत असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. एकेक शब्द मूळ भाषेत पाहायचा, त्याचे अर्थ तपासायचे, मराठी वाक्य रचायचे, ते पुन्हा खोडायचे. मग सदनाच्या छापखान्यात मुलींनी खिळे जुळवायचे, मुद्रिते काढायची आणि ती रमाबाईंनी पुन्हा तपासायची. वंशावळ्यांचे अध्याय असोत, लेवीयच्या पुस्तकातील विधिनियम असोत की स्तोत्रे असोत, कोणताही भाग टाळून चालत नव्हते. ज्या पानावर मनाला काही जाणवते तेवढेच पान घ्यायचे, अशी मोकळीक अनुवादकाला नसते. शब्द जसा दिलेला आहे तसा स्वीकारावा लागतो. आम्हांला वाटते, रमाबाईंची सर्वात मोठी साधना हीच होती. अनेक सकाळी मन प्रसन्न नसेल, शरीर थकलेले असेल, सदनात कोणी आजारी असेल. तरी त्या दिवसाचा शब्द समोर असे.

या काळात त्यांच्या ऐकण्याची शक्ती आणखी क्षीण झाली. गीतांचा आणि सामूहिक प्रार्थनेचा ध्वनी त्यांच्यापर्यंत पोहोचणे कठीण झाले. मात्र छापील शब्द त्यांच्याशी बोलत राहिला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. आपल्यामागे सदनाचा भार ती उचलेल, अशी आशा ज्या एकुलत्या एक कन्येवर होती, ती आईच्या आधी गेली. या दुःखातही मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. अखेरची मुद्रिते पुरी झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी देह ठेवला. वयाची चौसष्ट वर्षे पूर्ण होण्यास अठरा दिवस उरले होते. संपूर्ण अनुवाद त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

चर्चमधील वाचनासाठी हा अनुवाद पुढे सर्वत्र रूढ झाला नाही. एका व्यक्तीने एकटीने केलेल्या कामाच्या मर्यादा त्याला होत्याच. तरीही मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचा अनुवाद एका स्त्रीने केला आणि स्त्रियांनीच तो छापला, ही घटना जगाच्या इतिहासातही विरळ आहे.

आपल्यासाठी बोध

कोणी म्हणेल, हा प्रॉटेस्टंट परंपरेचा मार्ग झाला, आपला काय संबंध? संबंध निकटचा आहे. आपल्या मराठी भूमीत फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंनी १६१६ मध्येच ख्रिस्तपुराण प्रसिद्ध करून पवित्र शास्त्राची कथा ओवीबद्ध मराठीत आणली होती. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने देवाच्या प्रकटीकरणाविषयीच्या संविधानात सर्व श्रद्धावंतांसाठी पवित्र शास्त्र खुले असावे, अशी शिकवण दिली. आपल्याच काळात दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल सिद्ध केले आणि ते मराठी वाचकांनी आपलेसे केले. २०१९ मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून साजरा करण्यास सांगितले. तेव्हा देवशब्द हा आपलाही वारसा आहे.

एक फरक मात्र जपायला हवा. रमाबाईंना स्नानसंस्कारानंतर जो वैचारिक संघर्ष करावा लागला, तो बहुतांशी त्यांनी एकटीने केला. आपण शास्त्र एकट्याने वाचत नाही. ख्रिस्तसभेच्या परंपरेत, तिच्या शिकवणुकीच्या प्रकाशात आणि पवित्र मिस्साच्या वेदीभोवती आपण ते ऐकतो. एखादा उतारा समजला नाही तर विचारायला धर्मगुरू आहेत, संतांची भाष्ये आहेत. हे मोठे भाग्य आहे, त्याचा उपयोग करावा.

भावना वाईट आहेत, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. त्या देवाच्या देणग्या आहेत. बारामती व इंदापूरच्या शेतकरी बांधवांना एक दृष्टान्त सांगतो. नीरा डावा कालवा येण्यापूर्वी येथील शेती पूर्णपणे पावसावर होती. पाऊस आला की आनंद, न आला की दुष्काळ. कालवा आल्यावर पावसाचे महत्त्व संपले नाही, कारण कालव्यात वाहते ते पाणीही पावसाचेच. परंतु आता शेतकरी आभाळाकडे पाहून पीक घ्यायचे की नाही हे ठरवीत नाही. आवर्तन केव्हा सुटणार हे तो विचारतो, आपली पाळी सांभाळतो आणि बांध नीट ठेवतो. प्रार्थनेतील भावना या पावसासारख्या आहेत. देवशब्द हा त्याच देवाच्या कृपेचा पाट आहे. मनाच्या आभाळात ढग असोत वा नसोत, तो आपल्या दारापर्यंत आलेला आहे. आपण बांध नीट ठेवला आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

संतांचाही हाच अनुभव आहे. मनात कोरडेपणा असताना पूर्वीचा चांगला निश्चय बदलू नये, असे संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकविले. कोलकात्याच्या संत तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी अनेक दशके अंतरी अंधार सोसला हे जगाला कळले. त्या अंधारातही त्यांनी रोजची प्रार्थना व गरिबांची सेवा सोडली नाही.

मग आपण करावे तरी काय? फार मोठे काही नाही. शनिवारी रात्री जेवणे झाल्यावर दुसऱ्या दिवशीच्या मिस्साचे शुभवर्तमान घरात एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. घरातील आजी वाचू शकत नसेल तर नातवाने तिला वाचून दाखवावे. रोज पहाटे किंवा झोपण्यापूर्वी दहा मिनिटे संत लूक किंवा संत योहान यांचे शुभवर्तमान क्रमाने वाचावे, आवडीचे तेवढेच पान उघडू नये. एखादा शब्द दिवसभर बरोबर न्यावा, मग तो कारखान्यात असो, गोठ्यात असो वा बसमध्ये असो. काही जाणवले तर देवाचे आभार मानावेत. काही जाणवले नाही तरी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुस्तक पुन्हा उघडावे.

बंधूभगिनींनो, केडगावला जाण्याचा योग आला तर मुक्ती मिशन अवश्य पाहावे. तेथे उभे राहून क्षणभर स्मरण करावे, की याच आवारात एक बहिरी होत चाललेली, कन्येच्या वियोगाने व्याकूळ झालेली माता रोज सकाळी देवाचा शब्द उघडून बसत असे. तिने आपल्या मनाची अवस्था देवावर लादली नाही. देवाच्या वचनाने तिच्या मनाला आकार दिला. परमपिता परमेश्वर आपल्यालाही त्याच्या शब्दाची अशीच गोडी देवो आणि ती गोडी जाणवणार नाही त्या दिवशी निष्ठेने वाचण्याचे बळ देवो, ही प्रभू येशू ख्रिस्ताच्या चरणी आमची प्रार्थना.